पथ्याच्या नावाखाली उपासमार

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक गृहस्थ आले. सोबत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची मुलगी होती. जयभीम झाला, बसायला खुर्ची दिली, चहा आला. गृहस्थांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, "दूध बंद आहे साहेब." कुणी बंद केले, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून आमच्या टेबलावर ठेवले. एक कागद गुळगुळीत, रंगीत, इंग्रजीत छापलेला. तो एका खासगी रुग्णालयाचा होता. दुसरा वहीचे पान फाडून बॉलपेनने लिहिलेला. तो त्यांच्या भागातल्या एका जडीबुटीवाल्याचा होता. दोन्ही कागद एकाच रोगावरचे. अडीच वर्षांपूर्वी या गृहस्थांचे वजन ६२ किलो होते, आमच्याकडे आले तेव्हा ते ४९ किलो होते. या तेरा किलोंपैकी रोगाने किती खाल्ले आणि या दोन कागदांनी किती खाल्ले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. तो मांडण्याचा प्रयत्न आम्ही आज करीत आहोत.

त्यांना झालेल्या रोगाचे नाव मायकोसिस फंगॉइडिस. नावात बुरशी असली तरी या रोगाचा बुरशीशी काही संबंध नाही. १८०६ साली पॅरिसमधील अलिबेर नावाच्या डॉक्टरने या रोगाचे पहिले वर्णन केले. रुग्णाच्या अंगावरच्या गाठी त्याला अळंबीसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव पडले ते दोनशे वर्षे तसेच राहिले. खरे तर हा रक्तातील टी जातीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. या पेशी बिघडतात आणि कातडीत येऊन मुक्काम करतात. रोग दुर्मीळ आहे. अमेरिकेत कातडीच्या या साऱ्या लिम्फोमांचे मिळून दर दहा लाख लोकांमागे वर्षाला दहाच्या आसपासच नवे रुग्ण सापडतात. तो स्पर्शाने पसरत नाही, ताटाने पसरत नाही, एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. वेळेवर ओळखला तर पहिल्या टप्प्यातले बहुतेक रुग्ण इतरांइतकेच आयुष्य जगतात.

पण वेळेवर ओळखतो कोण? आधी अंगावर चट्टे येतात, खाज सुटते. गावातला डॉक्टर गजकर्णाचे मलम देतो. सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर इसब म्हणतो. सावळ्या कातडीवर हे चट्टे कधी कधी लाल न दिसता फिकट, पांढुरके दिसतात. मग शेजारीपाजारी कोड म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कुजबुजत महारोग म्हणतात. तुकडा काढून तपासला तरी पहिल्या तपासणीत रोग सापडेलच असे नाही. दोनदा, तीनदा तुकडा काढावा लागतो. आमच्या गृहस्थांचा तुकडा तीनदा काढला तेव्हा कुठे रोगाचे नाव कळले. तोवर चार वर्षे गेली होती. अमेरिकेतसुद्धा हा रोग काळ्या लोकांत गोऱ्यांपेक्षा अधिक आढळतो आणि काळे लोक त्यातून अधिक दगावतात, असे तेथील नोंदी सांगतात. काळ्या कातडीवरचा रोग वाचायला वैद्यकशास्त्र तिकडेही उशिराच शिकले, हे त्यामागचे एक कारण आहे. आमच्या वाचकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता आहाराकडे येऊ. कर्करोग आणि खाणे म्हटले की लोकांना घशाचा, पोटाचा कर्करोग आठवतो. गिळता येत नाही म्हणून माणूस वाळतो, हे समजते. कातडीच्या रोगात जेवणाचा काय संबंध, असे डॉक्टरांनासुद्धा वाटते. संबंध आहे, आणि तो फार सरळ आहे. आमच्या गृहस्थांचा रोग आता सर्वांगावर पसरला आहे. सगळी कातडी लाल झाली आहे आणि तिचा कोंडा निघतो. मुलगी सांगत होती, "सकाळी बाबांची गादी झाडली की सुपलीभर कोंडा निघतो." तो कोंडा म्हणजे धूळ नव्हे. कातडी बनते प्रथिनांची. ज्याला आपण बोलीत मासाची ताकद म्हणतो ती हीच. सर्वांगाची कातडी सोलत असलेल्या माणसाच्या अंगावरून दिवसाला वीस-तीस ग्रॅम कोंडा गळू शकतो. त्याच्यासोबत लोह जाते, फोलिक अ‍ॅसिड जाते. लाल कातडीतून अंगाची ऊब निसटत राहते, म्हणून रोग्याला भर उन्हाळ्यात हुडहुडी भरते आणि ती ऊब पुन्हा तयार करण्यासाठी शरीर आतले सरपण जाळते. रक्तातले अल्ब्युमिन उतरते आणि पाय सुजतात. पाय सुजले की घरचे म्हणतात, अंगात पाणी झाले. मग खाणेपिणे आणखी कमी करतात.

म्हणजे एका बाजूने शरीरातली प्रथिने गळून चालली आहेत. अशा माणसाला दुसऱ्या बाजूने ती भरून देणे, एवढी साधी ही गोष्ट आहे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात म्हटले आहे की रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान एक ग्रॅम आणि जमल्यास दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, आणि २५ ते ३० कॅलरी मिळाव्यात. ४९ किलोच्या माणसाला म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब याच आकड्याशी घालायचा आहे.

आता ते दोन कागद पाहू. जडीबुटीवाल्याच्या कागदावर लिहिले होते: अंडे बंद, मासे बंद, मटण बंद, सुकट बंद, शेंगदाणे बंद, वांगे बंद, दूध बंद, आंबट बंद. मुगाचे पाणी, भात आणि दुधीभोपळा चालेल. गुरुवारी उपास. या महाशयांनी रोग्याच्या ताटातून नेमके काय काढले हे पाहा. जिथे जिथे म्हणून प्रथिने होती तिथे तिथे यांनी काट मारली. एखाद्याला ठरवून वाळवायचा असता तरी याहून नेमकी यादी करता आली नसती. आणि हे काही एकट्याचे डोके नाही. खरूज असो, कोड असो, इसब असो, की आता हा कर्करोग. आपल्याकडे कातडीचे काही झाले की पहिले पथ्य मांसाचे. "उष्ण पडते," "रक्त बिघडते," "दूध आणि मासे एकत्र खाल्ले म्हणून कोड आले," ही वाक्ये ज्याच्या कानांवर पडली नाहीत असा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. एखाद्याला एखाद्या पदार्थाची खरोखर अ‍ॅलर्जी असू शकते. कोळंबी खाल्ली की तासाभरात गांधी उठत असतील तर त्याने कोळंबी खाऊ नये. पण मायकोसिस फंगॉइडिस अंड्याने होत नाही, सुकटीने होत नाही, आणि ती सोडल्याने बरा होत नाही. कोणत्याही आहाराने हा रोग बरा झाल्याचा पुरावा नाही, मग तो आहार मांसाचा असो की गोमूत्राचा.

या पथ्यामागे एक न बोललेले वाक्य असते. ते असे की, तुमचे खाणेच वाईट, म्हणून तुमची कातडी वाईट. आमच्या गृहस्थांना ते एका उच्चवर्णीय शेजाऱ्याने तोंडावर सांगितलेही: "तुमच्यात ते सगळं चालतं ना, म्हणून." ज्या समाजाची सावली विटाळ मानली गेली त्या समाजातल्या माणसाच्या अंगावर चट्टे उठले की त्याचे कारण त्याच्या ताटात शोधायचे, ही या देशाची जुनी खोड आहे. सात्त्विक, राजस, तामस ही अन्नाची वर्गवारी कुणी केली आणि त्यात तामस कुणाच्या वाट्याला आले, हे आम्ही आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण ती वर्गवारी आजही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिली जाते आणि आमचीच माणसे ती भक्तिभावाने पाळतात, हे सांगण्याची गरज आहे.

इथे कुणी म्हणेल की बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितले होते. नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, उष्टे आणि शिळे तुकडे मागणे सोडायला सांगितले. जे दुसऱ्याने टाकले ते आम्ही उचलणार नाही, असा तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. आपल्या पैशाने आणलेले अंडे, मासा, मटण खाऊ नका असे त्यांनी सांगितलेले नाही. उलट १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा जो ग्रंथ त्यांनी लिहिला त्यात गोमांस खाण्यावरून माणसांना अस्पृश्य कसे ठरवले गेले, याची त्यांनी उभी-आडवी चिकित्सा केली आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या माणसांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. चान्या, रक्ती, वजडी हे पदार्थ चैनीचे नव्हते. ज्यांच्या घरात तेल-तूप-डाळ पोचत नव्हती त्यांनी आपल्या पोरांच्या अंगात मास राहावे म्हणून शोधलेले ते उपाय होते. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आली. गरिबाच्या बाजारातले सर्वांत स्वस्त मांस त्या दिवशी हद्दपार झाले. श्रीमंतांच्या प्रथिनांना त्याने धक्का लागला नाही. त्यांची प्रथिने डब्यात येतात.

आणि आता थोडे आमच्या घरात पाहू. धम्मदीक्षेनंतर आपल्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींमध्ये एक नवी फॅशन आली आहे. बौद्ध झालो म्हणजे शाकाहारी झालेच पाहिजे, असे सांगणारे उपासक विहारा-विहारांतून दिसतात. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे, आमची हरकत नाही. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून हा उपदेश करू नये. देवदत्ताने मासे-मांस सर्व भिक्खूंना बंद करावे अशी मागणी केली होती. तथागतांनी ती फेटाळली, हे विनयपिटकात आहे. आमचे हे गृहस्थ वर्षावासात अष्टशील पाळतात, म्हणजे दुपारी बारानंतर काही खात नाहीत. तीन महिने ते दिवसातून एकदाच जेवले, आणि तेही मुगाचे पाणी आणि भात! ज्या विनयात विकाळ भोजनाचा निषेध आहे त्याच विनयात आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे वेळी-अवेळी घेण्याची मुभा आहे. बुद्धाला आजारी माणसाची भूक कळत होती. आम्हाला कळू नये, याचे आम्हाला वाईट वाटते. त्यांच्या विहारातल्या भंतेजींना आम्ही फोन केला, तेव्हा त्यांनीही हेच सांगितले आणि या वर्षी तुम्ही शील घेऊ नका, औषध घ्या, असे गृहस्थांना बजावले.

दुसरा कागद शहरी, सुशिक्षित. त्यावर काय होते? ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, सालमन मासा, ग्रीक योगर्ट, क्विनोआ, भिजवलेले सात बदाम आणि एका नामांकित कंपनीची प्रोटीन पावडर, दिवसातून दोनदा. मुलीने आम्हाला विचारले, "सर, सालमन म्हणजे काय?" आम्ही सांगितले, परदेशातला मासा आहे, थंड पाण्यातला. ती म्हणाली, "मग बोंबील चालणार नाही का?" हा प्रश्न त्या रुग्णालयात तिला कुणालाच विचारता आला नाही. कागद हातात देणाऱ्या बाईंनी तो वाचूनही दाखवला नव्हता. पावडरचा एक डबा त्यांनी घेतला, उसने पैसे काढून. तो पंधरा दिवसांत संपला. दुसरा घेणे झाले नाही, तेव्हा "आपल्याला परवडणारे पथ्य" म्हणून ते जडीबुटीवाल्याकडे वळले. एका कागदाने दुसऱ्या कागदाचा रस्ता दाखवला, तो असा.

तर बोंबील चालतो का? चालतो, उत्तम चालतो. सुक्या मासळीच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. मूठभर जवळा किंवा सुकट, म्हणजे पंचवीस ग्रॅम धरा, त्यातून बारा-चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात. ती आधी पाण्यातून दोनदा धुऊन घ्यावी, कारण तिच्यात मीठ असते आणि ज्याचे पाय सुजले आहेत त्याला मीठ बाधते. मग भाजून, कांद्यात परतून खावी. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम मिळतात. पन्नास ग्रॅम डाळीतून अकरा. मूठभर शेंगदाण्यांतून सात. अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून पंचवीस. बेरीज करा, सत्तरच्या आसपास जाते. ४९ किलोच्या माणसाला लागतात तितकी प्रथिने या ताटात आहेत, आणि ताटात परदेशातून आलेला एकही पदार्थ नाही. ज्याला मासळी-अंडी नकोच असतील त्याने सोयाबीनच्या वड्या खाव्यात. तीस ग्रॅम वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिने येतात. हुलग्याचे माडगे, हरभऱ्याची उसळ, चवळी, ताक हेही आहेच. एका वेळी जेवण जात नसेल तर पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. आयाबाया बाळंतिणीला जसे दर दोन तासांनी भरवतात तसे या रोग्याला भरवायचे.

खरी पथ्ये वेगळी आहेत आणि ती या दोन्ही कागदांवर नव्हती. ती औषधावरून ठरतात. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी या रोगात देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ही गोळी चालू असताना दारूचा थेंबही नको, कारण दोन्हींचा मार एकाच यकृतावर पडतो. आणि जे काढे, भस्मे, पुड्या गावोगाव विकल्या जातात त्यांचाही मार तिथेच. असिट्रेटिन, बेक्सारोटिन ही औषधे रक्तातील चरबी वाढवतात. ती चालू असतील तर तळलेले, वनस्पती तूप आणि साखर कमी करावी लागते, चरबीची तपासणी वेळोवेळी करावी लागते. ही औषधे अ जीवनसत्त्वाच्या कुळातली आहेत, म्हणून त्या काळात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा रोज रोज कलेजी खाऊ नये. एरवी कलेजीसारखे स्वस्त लोह नाही. असिट्रेटिन घेणाऱ्या बाईला ते चालू असताना आणि बंद केल्यावर पुढची तीन वर्षे गर्भ राहता कामा नये, आणि तिने दारू तर अजिबात घेऊ नये. हे बाईला सांगायचे राहून जाते, ते नवऱ्याला सांगतात.

एक गोष्ट लिंबाची. खाजेवर लिंबू चोळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सोरालेन नावाची गोळी देऊन नंतर अतिनील किरणांचा शेक देण्याचा एक उपचार या रोगावर आहे. बावचीच्या बियांत जे द्रव्य असते तेच हे. लिंबाच्या सालीतही त्याच जातीची द्रव्ये असतात. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या माणसाची कातडी भाजते, फोड येतात. शेक घेणाऱ्याने तर लिंबू कातडीला लावूच नये. डाळीत पिळायला हरकत नाही. शिवाय सोललेल्या कातडीतून जंतू लवकर शिरतात आणि औषधांनी प्रतिकारशक्ती उतरलेली असते, म्हणून पाणी उकळून प्यावे, अंडे पूर्ण शिजवून खावे, रात्रीचे उरलेले सकाळी खाऊ नये. शिळ्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे शेवटचे पथ्य जड जाते, पण ते पाळण्यासारखे आहे.

हे सगळे एका कागदाच्या पाठपोट बसते, मराठीत. ते छापायला पैसे लागत नाहीत. मग ते का होत नाही? सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातील डॉक्टर मंडळी वाईट नाहीत. आमच्या गृहस्थांचे निदान शेवटी अशाच एका तरुण डॉक्टरबाईंनी केले. पण बाहेर रांग लागलेली असते आणि एका रोग्याला चार मिनिटे मिळतात. त्या चार मिनिटांत ताटाची चौकशी होत नाही. आहारतज्ज्ञाचे पद कुठे असलेच तर ते भरलेल्या खाटांसाठी असते. बाहेरून येऊन औषध घेऊन जाणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत रोगी दाखल आहे तोवर जेवण मिळते, सुट्टी झाली की जेवणही संपते. आणि हा रोग तर वर्षानुवर्षे घरी राहून सोसण्याचा. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत निवारा मिळतो. लोकांच्या दानावर चालणाऱ्या धर्मशाळेला जे सुचते ते सरकारला सुचत नाही.

रेशनचे काय? अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पाच किलोचे दिवसाला १६६ ग्रॅम झाले. गहू-तांदूळ मिळून त्यातून पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. लागतात किमान पन्नास. उरलेली पस्तीस कुठून आणायची? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाच्या रुग्णाला पैसे मिळू शकतात. २०२३ मध्ये ती रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. सहा-सात रुपयांचे अंडे धरले तर रोज दोन अंड्यांचे महिन्याला चारशे रुपये होतात. म्हणजे हे अनुदान हातात पडले तर अंडी नक्की येतात. पण उत्पन्नाचा दाखला, तहसील कार्यालयाचे हेलपाटे, समितीची बैठक यांतून ते हातात पडेपर्यंत रोगी वाट पाहत बसतो. आमच्या गृहस्थांना ही योजना आहे हेच ठाऊक नव्हते.

क्षयरोग्याला सरकार पोषणासाठी पैसे देते. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. हे चांगलेच झाले. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना जादा धान्य आणि डाळ देऊन पाहिले, तेव्हा त्या घरांतला नवा क्षय चाळीस टक्क्यांच्या जवळपास कमी झाला. हे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. कर्करोगात अन्नाने इतके होईल असा दावा आम्ही करीत नाही. पण वाळलेल्या शरीराला औषध सोसत नाही, डोस कमी करावा लागतो, उपचार मध्येच थांबतो, हे कर्करोगाचा कोणताही डॉक्टर सांगेल. मग निक्षय पोषणासारखी रक्कम कर्करोगाच्या गरीब रुग्णाला, तो दाखल असो की नसो, का मिळू नये? हा प्रश्न आम्ही राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना जाहीरपणे विचारीत आहोत. ज्या राज्यात शाळेतल्या पोरांच्या आठवड्याच्या एका अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद होतो, तिथे उत्तर काय मिळेल याचा अंदाज आम्हाला आहे. तरीही विचारीत आहोत. १९६९ साली अमेरिकेत ब्लॅक पँथरच्या पोरांनी सरकारची वाट न पाहता काळ्या वस्तीतल्या मुलांना सकाळचे खाणे द्यायला सुरुवात केली होती. आमच्याकडे त्यांचे नाव घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. त्यांच्याकडून आम्ही घोषणा घेतल्या, न्याहारी घ्यायची राहिली. प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयाबाहेर जयंतीच्या मंडळांनी आठवड्यातून दोन दिवस उकडलेली अंडी आणि उसळ वाटायची ठरवली, तर डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात कितीतरी महिने निघतील.

गृहस्थ परवा पुन्हा आले. वजन साडेपन्नास किलो भरले आहे. चट्टे आहेत तसेच आहेत, खाज आहे तशीच आहे, गादीवरचा कोंडा किंचित कमी आहे. तो औषधाने की अन्नाने हे आम्ही सांगू शकत नाही आणि त्यांच्या डॉक्टरबाईही सांगत नाहीत. पायांची सूज मात्र उतरली आहे. या वेळी त्यांनी चहा घेतला. मुलीने त्या रंगीत इंग्रजी कागदाच्या कोऱ्या पाठीवर स्वतःच्या अक्षरात मराठीत सगळे उतरवून काढले होते: काय खायचे, किती खायचे, कोणती गोळी कोणत्या वारी, लिंबू कुठे नको. डॉक्टरबाईंनी ते वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि खाली सही केली. त्याच्या झेरॉक्स प्रती आमच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्याच्या घरी असा रुग्ण असेल त्याने किंवा ज्या रुग्णालयाला हव्या असतील त्यांनी येऊन घेऊन जाव्यात. गोळ्यांचे वार प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून भरावेत. ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे.